प्रवासिनी इझाबेला बर्ड

माणसे फार प्राचीन काळापासून प्रवास करीत आली आहेत. कोणी तीर्थयात्रेला जाई, कोणी व्यापाराला, कोणी लढाईवर. पण केवळ नवे डोंगर आणि नवी बेटे पाहण्याच्या हौसेने घर सोडावे, ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी थोड्याच लोकांना परवडत असे. आणि एखाद्या स्त्रीने तसे एकटीने निघावे, हे तर युरोपातही विचित्र वाटे. अशा काळात इंग्लंडातील एक बाई जळत्या ज्वालामुखीच्या काठावर तंबू ठोकून निजली, आणि दोराच्या आधाराने एका प्रचंड पर्वताच्या माथ्यावर जाऊन पोचली. विशेष हे की, ही बाई धट्टीकट्टी मुळीच नव्हती. तिची उंची पाच फूटही नव्हती, आणि घरी असली की ती दिवसचे दिवस अंथरुणाला खिळून असे. तिचे नाव इझाबेला बर्ड.

इझाबेलाचा जन्म १५ ऑक्टोबर १८३१ रोजी इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात झाला. तिचे वडील एडवर्ड बर्ड यांनी तरुणपणी कलकत्त्यास वकिली केली होती. पुढे मायदेशी परतून ते धर्मोपदेशक झाले. इझाबेलाला एकच बहीण होती, तिच्याहून लहान. तिचे नाव हेन्रिएटा. या दोघी बहिणींचा एकमेकींवर विलक्षण लोभ होता, आणि पुढची सारी कथा या लोभाशी बांधलेली आहे.

लहानपणापासून इझाबेलाची प्रकृती तोळामासा. पाठीच्या कण्याजवळ तिला काही दुखणे होते. मोकळ्या हवेत राहिल्याने मुलीला बरे वाटेल, असे वैद्यांचे मत पडले, म्हणून वडील तिला घोड्यावर बसवून रानोमाळ हिंडवू लागले. हिंडताना ते तिला सारखे प्रश्न विचारीत. या शेतात कोणते पीक आहे? त्या गिरणीचे चाक कशाने फिरते? मघाचे फाटक कसे होते? उत्तर देता आले नाही की मुलीला खजील व्हावे लागे. अशा रीतीने पाहण्याची आणि पाहिलेले ध्यानात ठेवण्याची सवय तिला लागली. शाळेत ती कधीच गेली नाही; पण या घोड्यावरच्या शाळेचे शिक्षण तिला जन्मभर पुरले.

अठराव्या वर्षी तिच्या पाठीवर शस्त्रक्रिया करून एक गाठ काढण्यात आली. तरीही दुखणे पुरते गेले नाही. त्या काळी औषध लागू पडेनासे झाले की वैद्य हवापालट करण्यास सांगत. आपल्याकडे महाबळेश्वर आणि माथेरान ही ठिकाणे त्याच सुमारास हवा खाण्यासाठी नावारूपास आली. इझाबेलाला तर समुद्रप्रवासच सांगण्यात आला. १८५४ साली वडिलांनी तिच्या हाती शंभर पौंड ठेवले आणि ते पुरतील तितके दिवस अमेरिकेत हिंडण्याची मुभा दिली. परत आल्यावर तिने त्या प्रवासावर एक पुस्तक लिहिले. ते १८५६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि लोकांना आवडले.

यानंतरची बरीच वर्षे मात्र उदास गेली. १८५८ मध्ये वडील वारले. मायलेकी स्कॉटलंडातील एडिंबरा शहरी राहावयास गेल्या. १८६६ मध्ये आईही गेली, आणि दोघी बहिणीच काय त्या एकमेकींना उरल्या. हेन्रिएटा शांत स्वभावाची, पुस्तकांत रमणारी. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका बेटावर टोबरमोरी नावाचे बंदर आहे. तेथील आपल्या लहानशा घरी गोरगरिबांची सेवा करीत ती सुखाने राही. इझाबेलाचे तसे नव्हते. पाठ दुखे, डोके दुखे, रात्र रात्र झोप येत नसे. हे दुखणे शरीराचे किती आणि कोंडलेल्या मनाचे किती, याचा उलगडा तेव्हाच्या वैद्यांना झाला नाही. त्या काळच्या सुखवस्तू इंग्रज घरांत शहाण्या स्त्रियांना करण्याजोगे काम फार थोडे असे, एवढे मात्र येथे सांगितले पाहिजे.

वयाच्या चाळिसाव्या वर्षी, १८७२ मध्ये, पुन्हा वैद्याने समुद्राची वाट दाखविली. येथून पुढे आपण तिला इझाबेलाबाई म्हणू. बाई ऑस्ट्रेलियात गेल्या. तो देश त्यांना मुळीच आवडला नाही. न्यूझीलंडमध्येही मन रमेना. तेव्हा १ जानेवारी १८७३ रोजी ऑकलंड बंदरातून अमेरिकेकडे निघालेल्या एका आगबोटीवर त्या चढल्या. बोटीचे नाव होते नेवाडा. बोट जुनी, गळकी. खाण्याच्या पावात किडे. बंदर सोडून फार वेळ झाला नाही तोच भयंकर वादळ सुटले. लाटा डोंगराएवढ्या उठू लागल्या, आणि ही मोडकी बोट आता टिकत नाही असे सर्वांस वाटले. अशा वेळी इझाबेलाबाईंना काय वाटले असेल? त्यांना चक्क आनंद झाला! इतक्या वर्षांत प्रथमच आपण जिवंत आहोत, असे त्यांना वाटू लागले. वादळ ओसरल्यावर बोट कशीबशी पुढे सरकली आणि २५ जानेवारीला हवाई बेटांतील होनोलुलू बंदरास लागली.

बाईंचा तेथे उतरण्याचा विचार नव्हता. परंतु बोटीवरील एक तरुण प्रवासी अत्यवस्थ झाला होता, आणि त्याच्या आईने मदतीसाठी थांबण्याची विनंती केली. त्या थांबल्या, आणि थोडक्या दिवसांसाठी म्हणून उतरलेल्या बाई त्या बेटांवर सहा महिन्यांहून अधिक काळ राहिल्या.

हवाई बेटे पॅसिफिक महासागराच्या मध्यभागी आहेत. समुद्राच्या तळातून ज्वालामुखींनी ओतलेला रस थिजून थिजून हे डोंगर पाण्याबाहेर आले आहेत. आज ही बेटे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक संस्थान आहेत. १९५९ साली त्यांना तो दर्जा मिळाला. १८७३ मध्ये मात्र तेथे त्यांचा स्वतःचा राजा होता. बंदरावर उतरताच बाईंना दिसल्या त्या फुलांच्या माळा. पुरुष, स्त्रिया, मुले, सगळ्यांच्या गळ्यांत माळा! स्त्रिया रंगीत वस्त्रे लेवून घोडे भरधाव सोडीत होत्या, आणि पुरुषांप्रमाणेच दोन्ही बाजूंस पाय टाकून बसल्या होत्या.

ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण इझाबेलाबाईंचे आयुष्य तिने बदलले. इंग्लंडात कुलीन स्त्रीने दोन्ही पाय घोड्याच्या एकाच बाजूस सोडून बसावे, असा दंडक होता. तसे बसले की कंबर पिळली जाते. ज्यांची पाठ मुळातच दुखरी, त्यांनी अशा बैठकीवर मैलानुमैल कसे जावे? हिलो गावाहून किलाउया नावाचा ज्वालामुखी पाहावयास जाण्याचे ठरले, तेव्हा तेथील ओळखीच्या मंडळींनी त्यांना पुरुषी खोगीर वापरण्याचा सल्ला दिला. बाई संकोचल्या. पण ज्वालामुखी तर पाहावयाचा होता! शेवटी त्यांनी लाज बाजूस ठेवली, पायघोळ चोळणा घातला आणि त्या खोगिरावर बसल्या. तीस मैलांची चढण चढून गेल्या तरी पाठीने पूर्वीसारखी तक्रार केली नाही.

किलाउयाचे विवर म्हणजे मोठी थोरली खोल दरी. तिच्या तळाशी थिजलेल्या काळ्या रसाची साय पसरलेली होती, आणि त्या सायीवरून चालत आगीच्या तळ्यापर्यंत जावयाचे होते. मधूनच पायाखालचा पातळ पापुद्रा फुटे आणि माणूस वाफेने भरलेल्या खड्ड्यात पडे. बाई अशा अनेकदा पडल्या. ती वाफ इतकी दाहक होती की, त्यांचे जाड चामड्याचे हातमोजे जळून भोके पडली. पुढे तळ्याच्या काठाशी उभे राहून त्यांनी पाहिले, तो समुद्राच्या लाटा खडकावर आपटाव्यात तशा अग्नीच्या लाटा काठावर आपटत होत्या.

नंतर त्या एकट्यादुकट्याने बेटभर हिंडू लागल्या. पावसाळी हवेत नद्यांना पूर आलेले असताना, बरोबरच्या स्थानिक मुलीसह त्यांनी घोडे पाण्यात घातले. एका ठिकाणी प्रवाह त्यांना समुद्राकडे ओढून नेऊ लागला आणि घोड्याच्या बळावरच त्या वाचल्या. हिलोच्या किनाऱ्यावर लोक लांब फळ्या घेऊन लाटांवर स्वार होत, तो खेळही त्यांनी पाहिला. आज जगभरच्या किनाऱ्यांवर तो खेळला जातो.

त्या बेटांवर सारे सुखच होते असे मात्र नाही. परदेशी बोटींबरोबर आलेल्या रोगांनी तेथील मूळ रहिवाशांची संख्या झपाट्याने घटत होती. महारोग झालेल्यांना सरकार घरातून उचलून मोलोकाई नावाच्या बेटावर कायमचे नेऊन ठेवी. हिलोच्या धक्क्यावर रोग्यांना निरोप देणाऱ्या आप्तांचा आक्रोश चाले. एवढ्या रम्य बेटावर एवढे दुःख असू शकते, हेही इझाबेलाबाईंनी आपल्या बहिणीला लिहून कळविले.

होय, त्या सगळे लिहून कळवीत. कितीही थकल्या तरी रात्री दिव्याच्या किंवा शेकोटीच्या उजेडात हेन्रिएटेला पत्र लिहिल्याशिवाय त्या निजत नसत. दूर टोबरमोरीला ती पत्रे वाचली जात, मैत्रिणींना दाखविली जात आणि जपून ठेवली जात. बाईंची गाजलेली पुस्तके या पत्रांतूनच तयार झाली.

त्या वर्षीच्या जून महिन्यात एका धाडसी इंग्रज गृहस्थाबरोबर त्या मौना लोआ पर्वतावर गेल्या. हा पर्वत ४१६९ मीटर उंच आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराच्या सुमारे अडीच पट. वरच्या अंगाला झाड नाही, गवत नाही, पाण्याचा थेंब नाही. जिकडे तिकडे ज्वालामुखीच्या रसाचे धारदार खडक. खेचरांच्या पायांतून रक्त येऊ लागले. माथ्यावरील विवराच्या काठाशीच त्यांनी तंबू ठोकला. थंडी अशी की भांड्यातले पाणी गोठले. आणि समोर, विवराच्या खोल अंधारात, आगीचे पिवळेधमक कारंजे उसळत होते! बाई मध्यरात्री अंथरुणातून उठून बाहेर आल्या आणि एकट्याच काठावर बसून ते पाहत राहिल्या.

असा आनंद भोगीत असताना त्यांनी पत्रात सहज लिहून टाकले की, येथेच कायमचे राहावे असे वाटते. ते वाचून हेन्रिएटेने लगेच कळविले की, मग मीही तिकडे येते. या पत्राने इझाबेलाबाई गडबडल्या. जिच्यावर आपला जीव आहे, ती बहीण येथे आली तर हे बेट पुन्हा घरासारखेच होईल. पुन्हा वेळेवर जेवण, वेळेवर भेटीगाठी, आणि पुन्हा ती पाठदुखी! त्यांनी बहिणीला येऊ नको असे कळविले आणि त्या बेटावरून निघाल्या. त्यांचे हे वागणे मला काहीसे कठोर वाटते. पण त्या स्वतःला चांगल्या ओळखून होत्या. बहिणीवर माया करावयाची ती पत्रांतून, हजारो मैलांवरून. जवळ राहिले की आपण आजारी पडतो, हे त्यांना कळून चुकले होते.

तेथून त्या अमेरिकेतील रॉकी पर्वतात गेल्या. कोलोरॅडो प्रांतात एस्टेस पार्क नावाचे उंचावरील सुंदर खोरे आहे. तेथे मूठभर शिकारी आणि गुराखी राहत. बाईंनी लाकडाच्या ओंडक्यांची एक झोपडी भाड्याने घेतली. गुरे वळण्यास माणूस कमी पडला की त्याही घोडा घेऊन गुरांमागे धावत. या खोऱ्यात जिम नुजेंट नावाचा एक फाटका, तापट शिकारी होता. अस्वलाशी झालेल्या झटापटीत त्याचा एक डोळा गेला होता. लोक त्याला टरकून असत. पण बाईंशी तो फार अदबीने वागे, आणि त्याला कविताही करता येत.

खोऱ्याच्या डोक्यावर लाँग्ज पीक हे १४२५९ फूट उंचीचे शिखर उभे आहे. जिमला वाटाड्या करून आणि दोन तरुणांना सोबत घेऊन बाई त्यावर निघाल्या. रात्री झाडांची हद्द संपते तेथे मुक्काम झाला. जिमने आपल्या कुत्र्याला बाईंच्या पाठीशी निजण्याची आज्ञा केली, आणि त्या इमानी जनावराने रात्रभर त्यांना ऊब दिली. दुसऱ्या दिवशी खरी परीक्षा झाली. बाईंच्या पायांत कोणाचे तरी उसने घेतलेले, भलते मोठे बूट होते. ते दगडांवरून घसरत. सुदैवाने पूर्वी येऊन गेलेल्या कोणाचे तरी लहान मापाचे वरबूट एका खडकाखाली सापडले. पुढे कडा इतका उभा होता की त्यांचा धीर सुटला. बाईंमुळे आपला खोळंबा होतो, असे बरोबरच्या तरुणांना वाटू लागले. पण बाईंना वर न्यावयाचे नसेल तर आपणही वर जाणार नाही, असे जिमने त्यांस बजावले. त्याने त्यांना दोराने बांधून घेतले. कोठे ओढीत, कोठे आपल्या खांद्यावर पाय द्यावयास लावीत तो त्यांना माथ्यावर घेऊन गेला. तेथे सर्वांनी आपली नावे आणि तारीख लिहून एका डबीत घातली आणि ती डबी खडकाच्या फटीत ठेवली. आपण वर चढलो नाही, आपल्याला सामानासारखे वर नेण्यात आले, असे बाईंनी पुढे मोकळेपणाने लिहिले आहे. मोठेपणाच्या गोष्टी सांगणाऱ्या प्रवाशांत असा कबुलीजबाब क्वचितच आढळतो!

पुढे ऐन थंडीच्या तोंडावर बर्डी नावाच्या तट्टावर बसून त्या आठशे मैलांहून अधिक प्रवास करून आल्या, बहुतेक एकट्याच. वर्षअखेर त्या घराकडे निघाल्या. पुढल्याच वर्षी एका भांडणात जिमला गोळी लागली आणि तीच त्याच्या मृत्यूस कारण झाली.

हवाई बेटांवरील पुस्तक १८७५ मध्ये आणि रॉकी पर्वतावरील १८७९ मध्ये निघाले. दुसरे तर हातोहात खपले. एका बड्या वर्तमानपत्राने मात्र, या बाई पुरुषी पोशाख करून हिंडल्या, असे लिहिले. बाईंना भयंकर राग आला. पुढच्या आवृत्तीत त्यांनी आपल्या पोशाखाचे चित्र छापले आणि घोट्यापर्यंतच्या झग्याखाली चोळणा होता, असा खुलासा केला. ज्वालामुखीला न भ्यालेल्या या बाई लोकापवादाला भीत, हे पाहून नवल वाटते. त्यांच्या काळाचे दोषही त्यांच्यात होते. परक्या लोकांविषयी लिहिताना इंग्रजांचा ताठा त्यांच्या लेखणीत अधूनमधून डोकावतो. पण हिंडताना त्या लोकांच्या घरात राहत, त्यांचे अन्न खात, आणि जे दिसले ते बारकाईने टिपीत.

१८७८ मध्ये त्या जपानला गेल्या आणि उत्तरेकडील बेटावरील आइनू लोकांत जाऊन राहिल्या. त्या परतल्यावर थोड्याच काळाने, १८८० च्या जून महिन्यात, हेन्रिएटा टोबरमोरीला विषमज्वराने वारली. ज्या एका वाचकासाठी सारे लिहिले, तो वाचकच गेला. हेन्रिएटेची शुश्रूषा करणारे डॉक्टर जॉन बिशप यांच्याशी बाईंनी १८८१ मध्ये विवाह केला. विवाहाच्या दिवशीही त्यांच्या अंगावर बहिणीच्या सुतकाची काळी वस्त्रे होती. डॉक्टर फार सज्जन होते. आपल्याला एकच प्रतिस्पर्धी आहे, तो म्हणजे मध्य आशियाचे पठार, असे ते थट्टेने म्हणत. पाच वर्षांतच तेही निवर्तले.

आता घरी ओढून धरणारे कोणीच उरले नाही. बाईंनी लंडनच्या रुग्णालयात शुश्रूषेचे काम शिकून घेतले आणि १८८९ मध्ये त्या भारतात आल्या. पतीच्या नावाने काश्मीरमध्ये आणि बहिणीच्या नावाने अमृतसर येथे त्यांनी रुग्णालयांसाठी पैसा दिला. श्रीनगरात उन्हाळ्यात हवा खाण्यास आलेल्या इंग्रजांची गर्दी झाली, मेजवान्या आणि खेळ सुरू झाले, तेव्हा कंटाळून त्या लडाखकडे निघाल्या. वय सत्तावन्न. याकाच्या पाठीवर बसून त्यांनी सतरा हजार फुटांहून उंच खिंड ओलांडली. श्योक नदी उतरताना घोडा त्यांच्या अंगावर कोसळला; त्या पाण्याखाली गेल्या आणि त्यांची बरगडी मोडली. तरीही प्रवास चालू राहिला.

१८९२ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. या संस्थेच्या पहिल्या स्त्री-सभासदांत त्यांची गणना होते. काही पुरुष सभासदांनी मोठी ओरड केली, तेव्हा संस्थेने पुढे १९१३ पर्यंत नव्या स्त्रियांना दार बंद केले. ज्या आत आल्या होत्या त्या मात्र राहिल्या. बाई तोवर कोरिया आणि चीनकडे गेल्याही होत्या. साठी उलटल्यावर त्या छायाचित्रे काढावयास शिकल्या आणि यांगत्से नदीवरील होडीत रात्रीच्या अंधारात, नदीच्याच पाण्याने काचा धुऊन चित्रे तयार करीत. १९०१ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, मोरोक्को देशात त्यांना एक उंच काळा घोडा मिळाला. त्यावर चढण्यासाठी त्यांना शिडी लावावी लागे.

७ ऑक्टोबर १९०४ रोजी एडिंबरा येथे त्यांचे निधन झाले. पुन्हा चीनला जाण्यासाठी त्यांच्या पेट्या बांधून तयार होत्या.

टोबरमोरीच्या बंदरात धक्क्यालगत एक दगडी घड्याळाचा मनोरा उभा आहे. इझाबेलाबाईंनी दिलेल्या पैशांतून तो बांधला गेला. समुद्रातून येणाऱ्या बोटींना तो लांबूनच दिसतो. त्यावर नाव आहे ते हेन्रिएटेचे.